पायथ्याची चारी

राखेचा बंधारा पाहायला आलेला माणूस आधी वर चढतो. भरावाच्या माथ्यावरून देखावा मोठा दिसतो. समोर शेकडो एकरांची राखाडी सपाटी, एका टोकाला नळांच्या तोंडांतून भसाभसा पडणारा काळपट रगडा आणि दुसऱ्या टोकाला निवळून थांबलेले, दुपारच्या उन्हात चकाकणारे पाणी. पाहुणे फोटो काढतात आणि उतरतात. बंधाऱ्याची प्रकृती मात्र माथ्यावरून कळत नाही. ती कळते भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी खणलेल्या चारीत. ही चारी हात-दीड हात रुंद असते, कधी दगडाने बांधलेली तर कधी नुसती मातीची, आणि बहुतेक वेळा गवतात लपलेली. हे प्रकरण त्या चारीतल्या पाण्याबद्दल आहे.

आधी हिशेब मांडू, कारण हिशेब मांडल्याशिवाय या पाण्यासाठी कोणी एवढा आटापिटा का करतो हे कळणार नाही. ५०० मेगावॉटचा एक संच चोवीस तास पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला ८,४०० टन कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. ढोबळमानाने दिवसाला ३,००० टन राख निघते, एका संचाची, एका दिवसाची. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा जाडसर असतो आणि भट्टीच्या तळाशी पडतो. बाकीची पिठासारखी बारीक राख धुराबरोबर निघते आणि ‘ईएसपी’ नावाच्या यंत्रात विजेच्या भाराने पकडली जाते. या बारीक राखेला सिमेंटवाले आणि विटावाले गिऱ्हाईक असते. जी उचलली जात नाही ती आणि तळाची जाड राख पाण्यात कालवून नळाने बंधाऱ्याकडे धाडतात.

नळातून राख वाहती ठेवायची तर पाणी सढळ हाताने लागते. एक भाग राखेला चार ते दहा भाग पाणी, ही जुन्या पद्धतीची रीत. ३,००० टन राख सगळीच्या सगळी आठपट पाण्यात कालवून पाठवली तर त्या कामालाच दिवसाला २४,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी ४० लाख लिटर पाणी लागेल. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. आपल्या ५०० मेगावॉटच्या संचाला या हिशेबाने दिवसाला ४२,००० घनमीटर पाणी मिळते. वाफ, थंडावा, पिणे, धुणे, सगळे त्यातच आले. म्हणजे राखेसाठी दर वेळी नवे पाणी घेतले तर निम्म्याहून अधिक कोटा तिथेच संपला. जानेवारी २०१७नंतर उभ्या राहिलेल्या केंद्रांना तर सांडपाणी बाहेर सोडण्याचीच मुभा नाही, आणि २०१८च्या सुधारणेनंतर त्यांची पाण्याची मर्यादा ३ घनमीटर आहे. तेव्हा राखेचे पाणी परत आणणे हा कोणाच्या सद्बुद्धीचा प्रश्न उरलेला नाही. तो बेरीज-वजाबाकीचा प्रश्न आहे.

परळीला हे फार आधी कळले. फेब्रुवारी २०१३मध्ये, मराठवाड्यातल्या दुष्काळात, परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, माणसे होती, पण केंद्राला पाणी देणाऱ्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. नागपूरजवळच्या कोराडीने वेगळी वाट धरली. तिथे शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून वीज केंद्राला दिले जाते. शहराच्या गटाराचे पाणी कित्येक किलोमीटर पंपाने आणून वापरायचे आणि स्वतःच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी आलेले पाणी ओढ्याला सोडून द्यायचे, हा विनोद कोणालाच परवडणारा नाही.

बंधाऱ्यात पडलेल्या पाण्याला पुढे चार वाटा असतात. काही पाणी राखेच्या कणांमध्ये अडकून तिथेच राहते. काही उन्हाने उडते. विदर्भातल्या मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर १०० हेक्टर जलपृष्ठावरून रोज १०,००० घनमीटर पाणी हवेत जाते. तिसरी वाट निवळण्याची. रगडा नळातून पडला की जाड कण तोंडाशीच बसतात, बारीक कण दूरवर जातात आणि शेवटच्या टोकाला पाणी स्वच्छ होते. तिथे काँक्रीटची विहिरीसारखी उभी रचना असते. तिच्या कडेवरून पाण्याचा फक्त वरचा थर आत पडतो आणि खालच्या नळाने बाहेरच्या निवळण-टाकीत जातो. याच टोकाला पाण्यावर पांढुरकी साय तरंगताना दिसते. राखेतले हे पोकळ काचगोळे पाण्याहून हलके असतात. त्यांना चांगला भाव असल्याने ते वेगळे गोळा करून विकले जातात. निवळलेले पाणी पंपाने केंद्राकडे परत जाते आणि पुन्हा राख कालवायला लागते.

चौथी वाट झिरपण्याची, आणि ती कोणी मुद्दाम ठेवलेली नसते.

पाणी किती झिरपेल याचे गणित आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६मध्ये मांडले. तो दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहत होता आणि वाळूच्या थरातून किती पाणी गाळले जाते हे मोजत होता. त्याचा नियम सोपा आहे. पदार्थाची पाझरक्षमता, पाण्याच्या पातळीतल्या फरकाचा उतार आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. बसलेल्या बारीक राखेची पाझरक्षमता सेकंदाला सेंटिमीटरचा लाखावा भाग धरा. ही काही फार मोठी गळकी वस्तू नव्हे, नुसत्या डोळ्यांना हा वेग शून्यच. पण १०० हेक्टर तळातून पाणी सरळ खाली उतरते असे धरून गुणाकार केला तर दिवसाला ८,६४० घनमीटर येतात. तळाला राखेच्या शंभरपट घट्ट मातीचे अस्तर असेल तर हाच आकडा ८६ घनमीटरवर येतो. अस्तराचे अंदाजपत्रक पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा. आज नव्या बंधाऱ्यांना पर्यावरण मंजुरी देताना प्लॅस्टिकच्या जाड कापडाचे अस्तर मागतात. जुने बंधारे मात्र बहुतेक नुसत्या जमिनीवर उभे आहेत.

मराठी वाचकाला झिरपणाऱ्या तळ्याचे कौतुक माहीत आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर गावोगाव पाझर तलाव खोदले गेले, आणि तळ्यातले पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना वाढले की गावकऱ्यांना तलाव पावला असे वाटे. राखेच्या बंधाऱ्यात निसर्ग नेमके तेच करतो. पाण्याला आपण कुठून आलो याची फिकीर नसते, उतार मिळाला की ते खालच्या विहिरीकडे निघते. इथे मात्र ते आपल्याबरोबर राखेतले क्षार घेऊन निघते, म्हणून त्याला वाटेतच अडवावे लागते.

अडवावे म्हणजे थांबवावे, असा समज सामान्य माणसाचा असतो. कधी कधी अधिकाऱ्यांचाही असतो, आणि तो महागात पडतो. मातीच्या भरावातून पाणी अजिबात झिरपू द्यायचे नाही, असा हट्ट कोणताही जाणता धरण-अभियंता धरत नाही. पाणी झिरपणारच. ते आपण सांगू तिथून, आपण सांगू त्या वेगाने आणि एकटे बाहेर आले पाहिजे, सोबत माती घेऊन नाही. सगळी विद्या या शेवटच्या अटीत आहे.

भरावाच्या पोटात पाण्याची एक तिरपी पातळी असते. आतल्या तळ्याच्या बाजूला ती उंच आणि बाहेर येता येता उतरत गेलेली. ही रेषा बाहेरच्या उतारावर मध्येच उघडी पडली तर तिथली माती भिजून फुगते, घसरते, आणि पाण्याच्या धारेबरोबर कण निघू लागतात. एक कण निघाला की मागच्याला वाट मिळते. हळूहळू बाहेरून आत कोरत जाणारी नळी तयार होते. ती तळ्याला भिडली की बंधारा फुटायला काही तास पुरतात. म्हणून भरावाच्या मधोमध काळ्या मातीचा गाभा, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा उभा थर, त्या थरातून आलेले पाणी वाहून नेणारी तळाची वाळूची चादर आणि शेवटी पायथ्याशी दगडांचा ढीग अशी रचना करतात. पाणी गाभ्यातून निघाले की वाळूत शिरते, वाळूतून दगडात आणि दगडातून चारीत उतरते. बाहेरचा उतार कोरडाच राहतो.

वाळू कोणतीही चालत नाही. फार जाड घेतली तर भरावाची माती तिच्या फटींतून निसटते, फार बारीक घेतली तर पाणीच अडते. मृद्‌यांत्रिकीचा जनक मानला जाणारा कार्ल टेर्झागी याने यासाठी एक नियम घालून दिला. गाळणीच्या वाळूतले कण आकाराने ओळीत लावून खालून १५ टक्क्यांवरचा कण घ्या. मातीतल्या कणांची तशीच ओळ लावून ८५ टक्क्यांवरचा कण घ्या. पहिला दुसऱ्याच्या चार-पाच पटींहून मोठा नसावा. शिवाय तो मातीच्या १५ टक्क्यांवरच्या कणाच्या चार-पाच पटींहून लहानही नसावा, म्हणजे पाण्याला वाट मोकळी राहते. कागदावर हे दोन ओळींचे काम आहे. प्रत्यक्षात वाळूचा ठेकेदार जी वाळू स्वस्त पडते ती आणतो. तिची चाळण-परीक्षा त्या दिवशी झाली की नाही हे वीस वर्षांनी पायथ्याची चारी सांगते.

राखेच्या बंधाऱ्याची आणखी एक अडचण आहे, जी पाण्याच्या धरणाला नसते. हा बंधारा एकदाच बांधून होत नाही. तळे राखेने भरत आले की भरावाची उंची वाढवतात, पुन्हा भरले की पुन्हा वाढवतात. नवा भराव बाहेरच्या बाजूने चढवायचा तर माती भरपूर लागते आणि जागाही. त्यामुळे अनेक ठिकाणी तो आतल्या बाजूला, आधी बसलेल्या राखेवरच बांधतात. स्वस्त पडतो. पण मग भरावाचा पाया म्हणजे ओली राखच. ती निचरलेली असेल तर भार पेलते. पाण्याने तुडुंब असेल तर हादऱ्याने किंवा जास्तीच्या भाराने तिचा क्षणात रगडा होऊ शकतो. म्हणून पायऱ्या-पायऱ्यांनी उंच होत गेलेल्या बंधाऱ्यात प्रत्येक पायरीला स्वतंत्र निचरा हवा आणि भरावालगत पाणी साचू न देता तळे दूर ढकलून ठेवले पाहिजे.

इथे एक पेच आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. उन्हाळ्यात कोरडी राख वाऱ्याने उडते आणि भोवतालच्या गावांत घरादारांवर, पिकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. गावकरी ओरडतात आणि त्यांचे ओरडणे रास्तच असते. उपाय म्हणून राखेवर पाणी पसरून ठेवायचे, असा आदेश निघतो. पाणी पसरले की धूळ बसते, पण भरावाच्या पोटातली पातळी चढते आणि पाझर वाढतो. धुळीचा कागद एका टेबलावर असतो, पाझराचा दुसऱ्या, आणि दोन्ही टेबले एकमेकांशी बोलतीलच असे नाही. तोडगा आहे. भरावालगतच्या पट्ट्यात तळे साचवायचे नाही, तिथे फवारे मारायचे, आणि जो कप्पा भरून झाला त्यावर मातीचा थर व गवत. पण त्याला नळ, फवारे आणि रोज फिरणारा माणूस लागतो.

आता त्या चारीत उतरू.

पायथ्याच्या चारीवर काम करणाऱ्या माणसाची हत्यारे साधी असतात. ठरावीक अंतरावर चारीत एक पत्रा आडवा बसवलेला असतो. त्याला मधोमध इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची ९० अंशांची खाच. खाचेतून पाण्याची जीभ बाहेर पडते, आणि थोडे मागे लावलेल्या पट्टीवर खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची वाचायची. उंची ५ सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडा वर, म्हणजे दिवसाला सुमारे ६६,००० लिटर. उंची दुप्पट होऊन १० सेंटिमीटर झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, साडेपाचपटींहून अधिक होतो. दिवसाला पावणेचार लाख लिटरच्या घरात. म्हणून पट्टीवरचा एखादा सेंटिमीटर “असू दे” म्हणून सोडायचा नसतो. खाचेत पालापाचोळा अडकला की आकडा खोटा येतो. तो हाताने काढायचा, पाणी स्थिरावू द्यायचे आणि मगच वाचायचे.

आकड्याइतकेच पाण्याचे रूप महत्त्वाचे. काचेच्या बाटलीत चारीचे पाणी भरून उन्हाकडे धरायचे. पाणी नितळ असेल तर प्रवाह थोडा जास्त असला तरी जीव भांड्यात पडतो. गढूळ असेल, बाटली तासभर ठेवल्यावर तळाशी बोटभर गाळ बसत असेल, तर प्रवाह कमी असला तरी त्याच दिवशी वरच्या साहेबाला उठवायचे. कारण तो गाळ बंधाऱ्याच्या पोटातून आलेला असतो. प्रवाह एकाएकी कमी झाला तरी आनंद मानायचा नाही. गाळणी क्षारांनी किंवा लोहाच्या तांबूस चिखलाने बुजली असेल, तर पाणी आत कोंडले जात असते आणि उतारावर भलत्याच जागी फुटण्याची वाट पाहत असते. उताराकडेही पाहायचे. ऐन वैशाखात सगळा भराव पिवळा पडलेला असताना एखादा ठिगळाएवढा तुकडा हिरवागार दिसला, पायथ्यापलीकडे पाणकणीस उगवले, खेकड्यांची बिळे वाढली, तर तिथे पाणी पोचले आहे. भरावात उभ्या गाडलेल्या नळ्यांमध्ये पाण्याची पातळी मोजण्याची सोय असते, आणि हिरवळ दिसली की तिथल्या नळीची नोंद आधी काढायची.

चारी सगळेच सांगते असे मात्र नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यावर २००३ आणि २००६मध्ये उतारावर पाझर फुटला होता. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली, निचऱ्याची सोय वाढवली गेली. २२ डिसेंबर २००८च्या मध्यरात्रीनंतर तोच बंधारा खचला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर राखरगडा ३०० एकरांवर आणि एमरी नदीत पसरला. तपासात मुख्य बोट दाखवले गेले ते अगदी तळाशी दडलेल्या, बारीक आणि पाणी धरून ठेवणाऱ्या राखगाळाच्या थराकडे. बंधारा उंच होत गेला तसा त्या थराला भार सोसवला नाही. सफाईचा खर्च १०० कोटी डॉलरच्या वर गेला. पाझर आवरला म्हणजे बंधारा आवरला, असे नव्हे. पाझर फक्त बोलका असतो, म्हणून त्याचे आधी ऐकायचे.

चारीतले पाणी उताराने एका खड्ड्यात येते. काँक्रीटच्या या टाकीला सगळे ‘संप’च म्हणतात. तिथून पंपाने ते उचलायचे. पण कुठे न्यायचे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भरावावरून परत तळ्यात टाकणे. नळ आखूड लागतो, ठेकेदार खूश होतो. पण तळ्यात टाकलेले पाणी पुन्हा झिरपणार, पुन्हा चारीत येणार, आणि आपण तेच पाणी गोल गोल फिरवत विजेचे बिल भरत राहणार. शिवाय तळ्याची पातळी आपणच वर ठेवत असतो. पाझराचे पाणी तळ्याला वळसा घालून थेट निवळण-टाकीत किंवा परतीच्या पंपघरात नेणे शहाणपणाचे. नळ लांब लागतो, पण चक्र खऱ्या अर्थाने पूर्ण होते. ते पाणी केंद्रात पोचून तितके नवे पाणी वाचवते.

संपाला दोन पंप हवेत, एक चालू आणि एक राखीव. वीज दोन बाजूंनी हवी, किंवा डिझेलचा संच हवा. वीज केंद्राच्या पंपाला वीज नाही, हे वाक्य विनोदी वाटले तरी बंधारे केंद्रापासून पाच-दहा किलोमीटरवर असतात आणि वादळात पडणारा खांब त्याच वाटेवर असतो. आणखी एक गोष्ट बांधतानाच करावी लागते. पावसाचे स्वच्छ पाणी पाझरात मिसळू द्यायचे नाही. बंधाऱ्याभोवती, चारीच्या बाहेरून, आजूबाजूच्या रानातले पावसाचे पाणी वळवून नेणारा वेगळा चर हवा. तो नसला तर आषाढात संप ओसंडतो, पंप हरतात, आणि आठ महिने जपून साठवलेले क्षारयुक्त पाणी पावसात मिसळून नाल्याला लागते. तोवर ‘शून्य विसर्ग’ कागदावर राहतो.

पावसाळ्याचे गणित तसेही उलटे असते. नागपूर भागात वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० हेक्टर बंधाऱ्यावर तो ११ लाख घनमीटर होतो, आणि त्यातला बहुतेक तीन-साडेतीन महिन्यांत. उन्हाळ्यात पाण्याच्या थेंबासाठी धावणारे केंद्र पावसाळ्यात पाणी कुठे ठेवू म्हणून धावते. जुलै २०२२मध्ये मुसळधार पावसात कोराडीचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत आणि पुढे कन्हान नदीत गेले. त्या नदीवर नागपूरच्या काही भागाचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ ते एप्रिल २०२० या काळात तीन वेगवेगळ्या केंद्रांचे बंधारे फुटले, आणि शेवटच्या दुर्घटनेत सहा जणांचा जीव गेला. एप्रिलमध्ये सिंगरौलीत पूर येत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे सगळा दोष पावसावर ढकलता येत नाही.

परत आणलेले पाणी स्वच्छ दिसते, तरी ते पहिल्यासारखे नसते. वरून निवळलेल्या पाण्यापेक्षा झिरपून आलेल्या पाण्यात तरंगता गाळ कमी आणि विरघळलेले क्षार सहसा जास्त. साहजिक आहे, ते राखेच्या थरांतून महिनोन् महिने वाट काढत आलेले असते. त्यात सल्फेट, कॅल्शियम, बोरॉन असतात. कोळशाच्या जातीप्रमाणे थोडे आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम, फ्लोराइड. यातला बोरॉन फार उपयोगी साक्षीदार. तो मातीला फारसा चिकटत नाही, पाण्याबरोबर जवळपास त्याच वेगाने पुढे सरकतो. म्हणून एखाद्या विहिरीत बंधाऱ्याचे पाणी पोचले का हे शोधताना आधी बोरॉन पाहतात. अमेरिकेच्या २०१५च्या राख-नियमांतही पहिल्या फेरीच्या तपासणी यादीत तो आहे. नागपूर जिल्ह्यापुरती याला आणखी एक धार आहे. संत्रे आणि लिंबू ही बोरॉनच्या बाबतीत सर्वांत नाजूक पिकांपैकी आहेत. सिंचनाच्या पाण्यात लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच्या पुढे बोरॉन गेला की पानांच्या कडा करपायला लागतात. तेव्हा पाझराचे पाणी “शेतकऱ्यांना देऊन टाका” हा अधूनमधून ऐकू येणारा उदार सल्ला पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या कृषी विद्यापीठाला विचारल्याशिवाय अमलात आणू नये.

हे पाणी बॉयलरला चालत नाही, तिथे जवळजवळ शून्य क्षाराचे पाणी लागते. थंडाव्याच्या मनोऱ्यांनाही ते शुद्ध केल्याशिवाय नको. त्याची खरी जागा राखेच्याच कामात, म्हणजे रगडा कालवणे, नळ धुणे, कोरड्या राखेवर फवारणे. राखेचे पाणी राखेला, असा हा साधा न्याय आहे, आणि त्यातही काटा आहेच. राखेतला चुना पाण्यात उतरतो. परतीच्या वाटेवर त्या पाण्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की बंबाच्या तळाशी बसतो तसा पांढरा कडक थर नळाच्या आत बसत जातो. राख नेणाऱ्या नळाला घासाची भीती असते, म्हणून त्याला आतून ओतीव बेसाल्टचे अस्तर देतात. परतीच्या नळाचे दुखणे उलटे, तो झिजत नाही, बुजतो. आपल्या कोळशाच्या राखेत चुना कमी असल्याने हा त्रास परदेशातल्या काही केंद्रांइतका नसतो, पण पंपाचा दाब वाढू लागला आणि पाणी कमी येऊ लागले की नळ उघडून पाहावा लागतो. आम्लाची मोजकी मात्रा देऊन, किंवा पाण्यात आधीच कार्बन डायऑक्साइड सोडून चुना टाकीतच बसवून, हे आवरता येते.

आणि चक्र जितके बंद, तितके क्षार साठत जातात. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. ते जातात फक्त राखेच्या फटींत अडकलेल्या पाण्याबरोबर, म्हणजे बंधाऱ्यातच मुरतात. शून्य विसर्ग म्हणजे क्षार नाहीसे झाले असे नाही, ते एका जागी ठेवले एवढेच. ती जागा घट्ट असली पाहिजे.

कारण सगळा पाझर चारीत येत नाही. जे पाणी भरावातून येते ते पायथ्याला भेटते, जे तळातून सरळ खाली जाते ते भेटत नाही. परळी किंवा नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या ठिकाणी जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, त्याखाली अखंड कातळ. पाणी मुरमातून आणि भेगांतून वाट काढते, आणि भेगेला नकाशा नसतो. शेजारची विहीर कोरडी ठणठणीत आणि अर्ध्या किलोमीटरवरची पांढुरक्या पाण्याने भरलेली, असे होऊ शकते. त्यामुळे पायथ्याच्या पलीकडे खडकापर्यंत खोल चर खणून त्यात वाळू-खडी भरतात आणि तळाशी आलेले पाणी उपसतात. जिथे चर पुरत नाही तिथे विंधनविहिरींची रांग लावून पाण्याची पातळी मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे प्रवाह बाहेर न जाता त्यांच्याकडे वळतो. आणि गावच्या विहिरींचे पाणी बंधारा बांधण्याआधी तपासलेले असावे लागते. ती जुनी नोंद नसली की पुढची सगळी भांडणे पुराव्याविना होतात, आणि अशा भांडणात गावकरी सहसा हरतो.

वाटेतले बांधकाम पाण्याला आयता रस्ता देते, हे नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन गावी २ फेब्रुवारी २०१४ला दिसले. तिथल्या बंद पडलेल्या वीज केंद्राच्या तळ्याखालून ४८ इंच व्यासाचा, नालीदार पत्र्याचा पावसाच्या पाण्याचा जुना नळ गेला होता. तो तुटला आणि सुमारे ३९,००० टन राख डॅन नदीत गेली. केंद्र चालू नव्हते, नवी राख पडत नव्हती, बंधाऱ्याला कोणी हातही लावला नव्हता. २०१५मध्ये मालक कंपनीने न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि १०.२ कोटी डॉलर मोजले. त्या प्रकरणानंतर तिथे पाझराची मोजदाद सुरू झाली. पायथ्याच्या बांधीव निचऱ्यातून येणारा वेगळा आणि जमिनीतून आपसूक फुटलेला वेगळा, दोन्हींची नोंद आणि दोन्हींचा परवाना. आपल्याकडच्या अनेक बंधाऱ्यांवर दुसऱ्या प्रकारच्या पाझराला अजून साधा क्रमांकही नाही.

आता राख कोरडीच हाताळण्याकडे कल आहे. घट्ट रगडा, ज्यात साठ टक्क्यांहून अधिक राखच असते, तो पसरला की निचरण्यासारखे पाणी उरतच नाही. दादरीच्या केंद्राने राख कोरडी आणून तिचा डोंगर रचण्याची पद्धत भारतात आणली. ३१ डिसेंबर २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. जुन्या बंधाऱ्यांत साठलेली राखही उपसून वापरायची आहे.

यातून चारीसमोर एक नवाच प्रश्न उभा राहतो. ओली राख बंद झाली तरी बंधाऱ्यात मुरलेले पाणी पुढे कित्येक वर्षे निचरत राहते, आणि दर पावसाळ्यात त्यात भर पडते. आजवर ते पाणी घ्यायला गिऱ्हाईक होते, रगडा कालवण्याची टाकी. कोरडी पद्धत आली की ते गिऱ्हाईक जाते. संपात पाणी येतच राहणार, पण ते परत घ्यायला केंद्रात जागा नाही. मग ते शुद्ध करायला यंत्रणा लागते, आणि त्या यंत्रणेतून निघणाऱ्या क्षारांसाठी पुन्हा जागा. वीज केंद्रच बंद पडले तर पंपाचे बिल भरणारेही कोणी उरत नाही. अमेरिकेतल्या नियमांत बंधारा बंद केल्यानंतर ३० वर्षे त्याची देखभाल आणि भूजल-तपासणी मालकाच्या गळ्यात असते. आपल्याकडे कोराडीचे आणि चंद्रपूरचे जुने संच एकेक करून मोडीत निघत आहेत. त्यांची राख ज्या बंधाऱ्यांत पडली आहे त्यांच्या पायथ्याचे पंप कोणाच्या अंदाजपत्रकात, कोणत्या शीर्षाखाली आणि किती वर्षांसाठी धरायचे, हे संच मोडीत काढण्याच्या फाइलवर सही होण्याआधी लिहून घ्यायला हवे.